चौदा आटे

टाकीखालच्या वॉलला चौदा आटे आहेत. वाडीत हे दोघांनाच ठाऊक होतं: अंबाजीनानांना, आणि त्यांनी शिकवलं म्हणून नलूला. बाकीच्यांना एवढंच कळतं की नळाला पाणी आलं, आणि नाही आलं तर शिव्या कोणाला द्यायच्या.

वाडी थळ आणि किहीमच्या मध्ये, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. सव्वाशे घरं. टेकाडावर पंचायतीची टाकी. तिथून निघालेला एकच मोठा पाइप घरांच्या अंगणांपुढून उतरत उतरत खाडीकाठच्या खाजणापर्यंत जातो, आणि खाजणाच्या कडेला शेवटचं घर अंबाजीनानांचं. पाणी पहाटे साडेपाचला सुटतं, सातला बंद होतं. सोडते नलू. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खड्ड्यातल्या वॉलवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची, असं ते काम.

हे काम तिला कसं मिळालं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढची तिची लाज समजायची नाही. नवरा गेल्यावर ती दिघीहून माहेरी परतली तेव्हा चाळिशीला आली होती. भावाच्या घरात कोपऱ्यात बसून जवळा निवडत दिवस काढणं तिला जमेना. त्याच वर्षी अंबाजीनाना पंचायतीच्या कामातून मोकळे झाले. सत्तावीस वर्षं पंपाच्या खोलीत मोटारीशेजारी काढून त्यांचे कान गेले होते. ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. त्यांच्या जागी सरपंचांना आपला मेहुणा बसवायचा होता. सभेत नाना उभे राहिले. बहिरा माणूस केवढ्याने बोलतो हे सगळ्यांना माहीतच आहे.

"नलूला द्या चावी! ही बाई बेतानं पाणी सोडंल. तुमचा मेव्हणा आठ वाजेपरेंत घोरतो, सगळ्या वाडीला ठावं हाय!"

सभा हसली, सरपंचांनाही हसावं लागलं, आणि चावी नलूकडे आली.

मग पंधरा दिवस नाना पहाटे तिच्याबरोबर टेकाडावर चढले. "पैले दोनच आटे. मग उभी ऱ्हा. रातभर पाइपात हवा भरलेली असती, तिला भायेर जायला येळ दे. मग आनखी दोन. परत उभी ऱ्हा. चौदा आटे व्हायला पाव तास लागला पायजे. घाई केलीस तर पाणी आतल्या आत आपटंल."

"आणि बंद करताना?"

"काय?"

"बंद करताना!"

"तवाबी तसंच. पाण्याला दचकवायचं न्हाय."

सात वर्षं नलूने पाण्याला दचकवलं नाही. पावसात डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून, तापात, सणावारी, तिने पाव तास म्हणजे पाव तास दिला.

गेल्या गुढीपाडव्याला तिला किहीमच्या एका बंगल्यावर नाश्ता करायचं काम लागलं. मुंबईचे पाहुणे, सातला चहा, आठला पोहे नाहीतर आंबोळ्या. त्यासाठी नाक्यावरून सहाची मिनीडोर रिक्षा पकडायला हवी, आणि नाका वीस मिनिटांच्या चालीवर. सातला वॉल बंद करायला भावजय राही तयार झाली. राही भित्री, चावीला हात लावताना देवाचं नाव घ्यायची आणि अर्धा अर्धा आटा फिरवायची, पण करायची. उघडायचं मात्र नलूनेच. टाकी साडेपाचच्या आधी भरत नाही, मग पाव तास कुठून काढायचा? पहिल्या दिवशी तिने चौदाच्या चौदा आटे दोन मिनिटांत फिरवले आणि कान देऊन उभी राहिली. काही झालं नाही. पाइप फुटला नाही, कोणी बोंबलत आलं नाही. उलट पाणी लवकर आलं म्हणून मधल्या आळीतल्या रंगूने शाबासकी दिली.

एकदा झालं, मग रोजच झालं.

महिन्याभराने, अक्षय्य तृतीयेला, नानांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जुन्या घराला अंगणात एकच तोटी होती, ती सदा उघडी, खाली बादली. नव्या घरात मुलगा निकेशने गच्चीवर टाकी, दोन बाथरूम, स्वयंपाकघरात सिंक असा सगळा थाट केला. नळकामाला अलिबागहून माणूस आणतो म्हणाला, तर नाना रुसून बसले. सव्वाशे घरांना पाणी पाजणाऱ्याच्या घरात परका येऊन पाइप लावणार? सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पाइपाचं काम नव्याने शिकून घेतलं आणि एकट्याने सगळं बसवलं. नलू दुपारी हाताखाली जायची. प्रत्येक जोड ते डोळे मिटून अंगठ्याने चाचपायचे. कानांचं काम त्यांनी बोटांवर सोपवलं होतं.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या पहाटे पाइप वाजला. वाजला म्हणजे भिंतीत कोणी घण घालावा तसा, धाड, धाड, धाड. मग सगळा पाइप थरथरायला लागला, बाथरूममधला तांब्या फळीवरून खाली आला, आणि निकेशच्या बायकोचं, साक्षीचं, दोन महिन्यांचं बाळ किंचाळत उठलं. नानांना आवाज ऐकू आला नाही. बाळाचं तोंड उघडं दिसलं म्हणून ते उठले आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला. पाच मिनिटांनी सगळं आपोआप थांबलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा.

मग पावसाळाभर त्या पाइपाची सेवा चालली. नानांनी वीत वीत अंतरावर क्लॅम्प ठोकले. क्लॅम्प आणि पाइप यांच्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे पाइपाला हलायला जागाच नको. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा बदलला. नळांचे वॉशर बदलले. शेवटी पाणी घरात शिरतं तिथे हातभर पाइप उभा जोडून त्याचं वरचं तोंड बुचाने बंद केलं. "यात हवा कोंडून ऱ्हाती. पाण्याचा धक्का गादीवानी झेलती." धक्का थोडा झेलला गेला, आवाज थोडा कमी झाला, आणि चार दिवसांनी पुन्हा होता तसा. शिडी धरायला, पाना द्यायला नलू होतीच.

आपल्या घाईचं तिच्या मनात आलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. पाना देता देता एकदा आलं होतं. घर नवं, आवाज नवा, म्हणजे दोष घरात, असं म्हणून तिने ते मागे ढकललं. पहाटे धाडधाड चालायची तेव्हा ती त्या घरात नसायचीच, मिनीडोरमागे पळत असायची. जे ऐकलंच नाही ते विसरणं सोपं जातं.

निकेश कंपनीत पाळीवर जाणारा, झोपेचा भुकेला. दसऱ्याच्या सुमारास बाथरूमची एक फरशी तडकली आणि मागची भिंत ओली दिसायला लागली. तेव्हा त्याचा तोल गेला. "बाबा, पाइप ढिला हाय म्हणून हलतो! तुमचं वय झालं! कबूल करा ना एकदा!" बापाला हे ओरडूनच सांगावं लागलं आणि शेजारच्या चार घरांनी ऐकलं. नाना म्हणाले, "बघतो मी." त्या रात्री जेवायला बसले तेव्हा ते भाकरीचे तुकडे करत राहिले आणि खाल्ला एकही नाही, असं साक्षी सांगत होती.

दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी नलूला ताप आला. दोन दिवस राहीने वॉल उघडला, देवाचं नाव घेत, अर्धा अर्धा आटा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नलू टेकाडावर गेली, तिने आपले दोन मिनिटांत चौदा आटे फिरवले आणि कामाला पळाली. दुपारी परतताना ती नानांकडे डोकावली.

साक्षी बाळाला मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. "आत्या, काय सांगू तुम्हाला! दोन दिस आवाजच न्हाय. बाळ सातपरेंत झोपलं. बाबांनी त्या बुचाच्या पाइपाची उंची वाढवली ना, म्हणून. बाबा एवढे खूश, नाक्यावर जाऊन चार माणसांना सांगून आले. आणि आज पहाटे बघा, परत तेच. पैल्यापेक्षा जास्तच."

"दोन दिस म्हणजे कुठले गं?"

"परवा आणि काल."

नलूने दारातून पाहिलं. आत नाना खाटेवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरलेले, मार खाल्लेल्या पोराने धरावेत तसे.

घरापर्यंतच्या वाटेत तिने सगळं जुळवून पाहिलं. जुन्या घरी तोटी उघडी होती, तिथून हवाही जायची आणि पाण्याचा जोरही. नव्या घरात सगळीकडे बंद. सव्वाशे घरं ओलांडून धावत आलेलं पाणी शेवटी नानांच्या भिंतीवर जाऊन आदळत होतं. पाणी आतल्या आत आपटंल, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.

आता सरळ गोष्ट ही की दुसऱ्या दिवसापासून तिने सावकाश वॉल उघडायला हवा होता. तिने उघडला नाही. काहीही न करता आवाज थांबला तर नाना विचारात पडतील, आणि नाना विचारात पडले की त्यांचं बोट वॉलवर येऊन थांबायला अर्धा दिवस लागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चावी जाईल ही भीती होतीच. भर सभेत आपण जिच्यासाठी भांडलो ती ही, असं त्यांच्या तोंडावर उमटेल, ती भीती मोठी होती. म्हणून आठ दिवस, जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून, तिने चावी गरागरा फिरवली. रोज पहाटे आता कुठे धाडधाड चालली असेल ते तिला नेमकं माहीत होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निकेशने अलिबागहून विनेश नावाचा प्लंबर आणला. विनेशने भिंत फोडली, नानांनी लावलेला सगळा पाइप, क्लॅम्प, बुचाचा तुकडा, सगळं काढून अंगणात टाकलं आणि दोन दिवसांत नवं बसवलं. तिसऱ्या पहाटे नलू टेकाडावर पाव तास उभी राहिली. दोन आटे, थांब. दोन आटे, थांब.

आवाज आला नाही. परत कधीच आला नाही.

विनेशचं नाव झालं. निकेश नाक्यावर म्हणाला, "शेवटी शिकलेला माणूसच लागतो." आणि वाडीभर झालं की अंबाजीचा हात गेला. नलूने गुपचूप चूक सुधारली आणि त्या सुधारण्यानेच नानांवर शिक्का बसवला. आपण नेमकं काय केलं ते तिला त्या दिवशी पुरतं कळलं. बंगल्यावरच्या बाईंना साडेआठचे पोहे चालेनात, ते काम सुटलं. सुटलं तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं, जरा शिक्षा झाली म्हणून. पण शिक्षा भोगत होते नाना, आणि तिला हेही दिसत होतं.

पूर्वी वाडीत कोणाचा नळ गळाला की नानांना हाक यायची. आता रंगूसुद्धा विचारायला आली ती विनेशचा नंबर. बरं, एखाद्याने भीड म्हणून बोलावलं तर नानाच मान हलवायचे. "न्हाय रे. हाताला कळत न्हाय आता." ते खाजणाच्या बांधावर जाऊन बसायला लागले. येता-जाता स्वतःचा अंगठा बोटांवर घासून बघायचे.

पौषात एकदा नलू मनाचा हिय्या करून गेली. ओटीवर नाना एकटे होते. ती शेजारी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "नाना, तुमच्या कामात खोट नव्हती. वॉल मी घाईनं उघडत होते."

नानांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली. "व्हय व्हय. बस ना. साक्षी, चाय टाक गं, नलू आली!"

नलूने चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश घेतला आणि घरी आली. आपण सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही त्याला आपण काय करणार, असं तिने दोन दिवस स्वतःला पटवलं. असली पळवाट जिला सुचते तिला ती पळवाट आहे हेही कळत असतं. बहिऱ्या माणसापुढे गुन्हा कबूल करायचा तर तो गुपचूप होत नाही. तो चार घरांना ऐकवावा लागतो, आणि तेवढी हिंमत तिच्याकडे नव्हती.

माघ लागल्यावर एका रविवारी सकाळी नाना तिच्या भावाच्या अंगणात आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी. लहान-मोठे पाने, करवत, आटे पाडायचं यंत्र, सगळं पुसून तेल लावलेलं. पिशवी त्यांनी ओटीवर ठेवली.

"तू घे. तुझा हात सरळ हाय. माझ्याकडं नुसतं गंजणार."

"नाना, मला नको! नाना, थांबा!"

पण ते वळून चालू लागले होते, आणि पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो. नलूने पिशवी उचलली. चांगली दहा-बारा किलोची. ती घेऊन ती उतारावरून त्यांच्या मागे निघाली, चपला घालायचंही सुचलं नाही. ती पोचली तेव्हा नाना अंगणात शिरत होते. निकेश नळी लावून गाडी धूत होता. साक्षी बाळाला तेल लावत होती. बांगडे मासळीचा वाटा घेऊन आलेली रंगू पायरीवर बसून ते मासे मोठे आहेत की लहान यावर वाद घालत होती.

नलू नानांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"नाना, पाइप तुमचा चांगला होता!"

"काय?"

"तुमचा पाइप चांगला होता! आवाज माझ्यामुळं होत होता! मी वॉल धाडकन उघडत होते!"

निकेशने नळी खाली टाकली. पाणी अंगणभर पळायला लागलं तरी त्याचं लक्ष गेलं नाही. रंगू म्हणाली, "अगो बाई."

नाना नलूच्या ओठांकडे बघत होते. "किती टायमात उघडत हुतीस?"

"दोन मिनिटांत! चौदाच्या चौदा!"

नानांनी डोळे बारीक केले. एखादा जोड चाचपताना त्यांचा चेहरा होई तसा झाला. ते पुटपुटले, पण बहिऱ्याचं पुटपुटणं, सगळ्यांना ऐकू आलं. "जुन्या घरी तोटी उघडी. म्हणून कळलं न्हाय. हितं समदं बंद... म्हणून हितंच." मग ते हसले. तीन महिन्यांत कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "निकेश, माझा जोड बरोबर हुता रे!"

"बाबा," निकेश म्हणाला आणि दोन पावलं पुढे आला.

"समदं तपासलं मी," नाना नलूला म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होते. "गोळा बघितला, वॉशर बघितलं, उंची मापली. वॉलचा इचारच केला न्हाय. तिथं तू हुतीस ना."

नलूच्या हातातल्या पिशवीचा बंद तिच्या बोटांत रुतला होता. इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. चूक झाली, पोटासाठी घाई केली, लोक दोन दिवस बोलले असते आणि विसरले असते. पण नानांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

कालच कळलं, म्हणता आलं असतं. कोणाला पडताळायचं होतं? साक्षी तिच्याकडे बघत होती. साक्षीला दिवाळीआधीचं ते 'परवा आणि काल' आठवत असेल नसेल, पण बघत होती.

"दिवाळीच्या आधी," नलू म्हणाली.

"काय?"

"दिवाळीच्या आधी!"

नानांनी तळहात कानामागे धरला.

"विनेशनं भिंत फोडली त्याच्या आठ दिस आधी! मला ठावं होतं, तरी मी तसाच उघडत ऱ्हायले! आठ दिस!"

पलीकडच्या दोन घरांतली माणसं दारात आली होती. यावेळी नानांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्यांनी हात खाली घेतला. नलूच्या हातातली पिशवी काढून घेतली, खांद्याला लावली आणि घरात गेले. साक्षीने बाळाला टॉवेलात गुंडाळलं आणि तीही आत गेली. अंगणात निकेश उरला. शिव्या देईल असं नलूला वाटलं, द्यायला हव्या होत्या. तो खाली बघून म्हणाला, "मी काय काय बोललो बाबांना, आत्या," आणि नळ बंद करायला गेला.

दुसऱ्या दिवशी नलू स्वतः पंचायतीत गेली आणि ग्रामसेवकांपुढे सगळं सांगून आली. त्यांनी ताकीद म्हणून एक समजपत्र दिलं, चावी काढून घेतली नाही. यात दयाबिया काही नव्हती. साडेचारला उठणारं दुसरं कोणी मिळत नाही.

रंगूने चार दिवसांत वाडीभर केलं, आणि त्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. पहिला नळ तिनेच नानांकडून दुरुस्त करून घेतला. मग इतरांचे आले. अंबाजीनाना आता पिशवी घेऊन वाडीत हिंडतात, भिंतीला हात लावून डोळे मिटतात, आणि विनेशच्या कामात दोन चुका काढल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने सांगतात.

नलू त्यांना वाटेत भेटते. रोजच भेटते, वाडी एवढीशी. ती थांबते आणि छाती भरून हाक मारते, "नाना!" मधल्या आळीतली कुत्री भुंकतात एवढी मोठी हाक. नाना तसेच पुढे जातात. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून तिला आजवर कळलेलं नाही.